चुकलेला कौल

आबा, शनिवारी लेकीला घेऊन लंडनच्या म्युझियममध्ये गेले होते. बर्मिंगहॅमहून सकाळच्या ट्रेनने निघालो. तिला ममी बघायच्या होत्या, पण मी अडकले ते चीनच्या दालनात, एका काचेच्या कपाटापुढे. आत बैलाच्या खांद्याची हाडं आणि कासवाची कवचं मांडली होती, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची. राजाला काही विचारायचं असलं की हाडाला चटका द्यायचे, ते तडकलं की भेगा वाचायचे. पाऊस पडेल का, लढाईला निघावं का, राजाची दाढ कुणाच्या कोपामुळे दुखते, राणी सुखरूप बाळंत होईल का. प्रश्न त्याच हाडावर कोरून ठेवायचे. इतका मोठा राजा, आणि दाढदुखीपुढे तुमच्या देवळात येणाऱ्या कुठल्याही बाप्यासारखाच हवालदिल! लेक बाजूला येऊन म्हणाली, "आई, पण हा हाड बरोबर सांगायचा का? Like, accuracy काय होता?" तिचं मराठी असंच आहे, तुम्ही हसला असता. मी तिला ग्रीसमधल्या देवळात भविष्य सांगणाऱ्या त्या बाईचं सांगितलं, जिच्या शब्दाशिवाय सैन्यं हलत नसत आणि जिचं उत्तर दोन्हीकडून वाचता येई. मग आपल्या कोकणातल्या देवळाचं सांगितलं. तिचे आजोबा गुरव होते, देवाला कौल लावायचे, हे तिला ऐकून माहीत होतं. कौल म्हणजे काय, हे मात्र मी कधी नीट सांगितलंच नव्हतं.

तुम्ही आंघोळ करून ओल्यानेच गाभाऱ्यात जायचात. देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाण्यात बुडवलेल्या पाकळ्या चिकटवायचात, गाऱ्हाणं घालायचात आणि हात जोडून उभे राहायचात. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी परीक्षेचा कौल मागितला तेव्हा किती रागावला होतात. "अभ्यास तुझ्या हातात आहे ना? मग तो देवाला विचारायचा नाही." मी रडत घरी गेले होते.

आणि ती वादळानंतरची सकाळ. एक होडी परतलेली नाही. होडीवाल्याची बायको कडेवर मूल घेऊन सभामंडपात उभी आहे, केस मोकळे, पायाला वाळू. "माझो घोव परत येतलो काय, इतक्याच देवाक इचार." तुम्ही पाकळ्या लावता. कितीतरी वेळ काहीच पडत नाही. सगळा गाव श्वास रोखून बघतोय, तिचे डोळे मात्र देवाकडे नाहीत, तुमच्या तोंडाकडे आहेत. मग उजवी पाकळी सुटली आणि सभामंडपात माणसं रडायलाच लागली.

तो आला नाही. पावसाळा सरला, होड्या पुन्हा समुद्रात गेल्या, तरी आला नाही. मी तुम्हाला चुलीपाशी विचारलं, "आबा, देव खोटं बोलला?" आईने माझ्याकडे डोळे वटारले. तुम्ही जेवत होतात. घास खाली ठेवलात, हात धुतलात, सदरा चढवलात आणि माझं बोट धरून तिच्या घरी गेलात. तिच्या अंगणात, तिच्या सासऱ्यादेखत म्हणालात, "कौल चुकला, बाय. मी तुला आशा लावली. आता वाट बघू नको, पोराकडे बघ." कुठल्या गुरवाने असं केल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. ती आत गेली. पाणी आणून दिलं तुम्हाला. आणि पुढे तिच्या दिराने नवी होडी घ्यायची म्हटल्यावर ती पुन्हा तुमच्याकडेच कौल मागायला आली. इतकं होऊनही का आली, हे मला तेव्हा कळेना.

म्युझियममधल्या पाटीवर लिहिलं होतं की काही हाडांवर नंतर प्रत्यक्ष काय घडलं तेही कोरलेलं आहे. पाऊस खरंच पडला की नाही, मूल कसं झालं. ते वाचताना मला तुमचा अंगणातला आवाज ऐकू आला. मी काचेला हात लावला, गार्डने हटकलं, लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी मी कामावर होते. तुम्हाला ठाऊक नाही, तुम्ही गेल्यानंतरची गोष्ट, मी इथल्या हॉस्पिटलमध्ये गरोदर बायकांचे स्कॅन करते. नागपूरची एक मुलगी आली होती, आधीचं मूल पोटातच गेलेलं. नवरा तिकडे लंडनजवळ ब्रॅकनेलला कामाला, ट्रेन लेट झाल्याने वाटेतच अडकलेला. माझं नाव वाचून तिने मराठीत विचारलं, "ताई, आहे ना हो?" स्क्रीन माझ्याकडे वळवलेली होती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आबा, अगदी त्या बाईसारखी. मी तिच्या पोटावर प्रोब फिरवत राहिले. करड्या धुक्यात आधी काहीच नाही. मग तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी लुकलुकलं. हृदय. मी स्क्रीन तिच्याकडे वळवली. ती हसत रडत म्हणाली, "म्हणजे आता सगळं नीट होईल ना?"

हो म्हणायला किती सोपं होतं. मी म्हटलं, "आज बाळ छान आहे. पुढचं मला दिसत नाही. पण पुढच्या वेळी या, आपण दोघी मिळून बघू." तिने मान हलवली आणि माझा हात बराच वेळ सोडला नाही. माणसं पुन्हा पुन्हा का येतात, ते मला त्या हातात थोडंसं कळलं.

हे कुठे पाठवायचं नाही, लिहून झालं की घडी करून ठेवेन. एवढंच सांगायचं राहिलं. लेकीच्या वेळी माझा स्वतःचा स्कॅन झाला, तेव्हा मशीन माझ्या ओळखीचं, खोली माझ्या ओळखीची, आणि तरी मी डोळे गच्च मिटून पडले होते.