मांडवात घेतलेलं नाव

गव्हाण, ता. पनवेल
६ मार्च २०२५

चि. सौ. भामा हिस,
तुळशीरामचा आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. तुम्हां मायलेकींची खुशाली कुणी कळवत नाही, आणि विचारायला मला तोंड उरलेलं नाही. अंकिताची बारावीची परीक्षा चालू असेल. तिला म्हणावं, घाई न करता लिही. दारातल्या आंब्याला मोहोर बरा आला होता, पण धुक्याने निम्मा गळाला. हृतिक आणि भाविका कार्ल्याला जाऊन एकवीरेची ओटी भरून आली. गुणा तुझी आठवण काढते. सुकटीची चटणी केली की "भामाच्या हातची चव नाय" म्हणते आणि माझ्याकडे बघते.

थोरल्या दिराने धाकट्या भावाच्या बायकोशी समोर बसून बोलायचं नाही, ही आपल्या घरातली रीत. तू या घरात आल्यापासून आपण जे बोललो ते तुझ्या जावेच्या, गुणाच्या तोंडून. पण हे गुणाच्या तोंडून सांगता येणार नाही, कारण तिलाही ते ठाऊक नाही. म्हणून कागद घेतला. दोन फाडून झाले, हा तिसरा.

काशिराम चष्म्याची काडी बसवून आणतो म्हणून पनवेलला गेला, त्याला येत्या जूनमध्ये तेरा वर्षं होतील. मी किती शोधलं ते तू पाहिलं आहेस. एसटी स्टँडवर त्याचे फोटो चिकटवले, ठाण्याच्या मनोरुग्णालयात वॉर्डावॉर्डातून फिरलो, बेवारस प्रेतांच्या तोंडावरची चादर सात वेळा उचलून बघितली. लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा. मला ते ऐकायला आवडायचं, भामा. पुढेपुढे तर शोधण्यापेक्षा शोधणारा म्हणून मिरवणंच जास्त आवडायला लागलं होतं.

दिवाळीनंतर हृतिकला बेलपाड्याचं स्थळ आलं. भाविकाचे वडील दिनानाथराव ओटीवर बसले आणि त्यांनी सरळच विचारलं, "धाकटे भाऊ डोक्याने अधू होते म्हणतात. कुठे असतात?" पोरगी चांगली, घर चांगलं. मी म्हटलं, तापाने वारला. चहा निवायच्या आत बोलून मोकळा झालो. हे तुम्हांला कुणालाच सांगितलं नाही. लग्न उरकू दे, मग बघू, असं स्वतःला समजावलं.

आणि हळदीला आठ दिवस असताना फोन आला. खोपोलीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी एक संस्था आहे. रस्त्यावर सापडलेल्या माणसांना नेतात, औषधपाणी करतात, घर शोधून देतात. बाई बोलत होती. म्हणाली, "काशिराम घरत नावाचे गृहस्थ आहेत. गाव गव्हाण सांगतात, भावाचं नाव तुळशीराम. ग्रामपंचायतीतून तुमचा नंबर मिळाला."

मी म्हटलं, "चुकीचा नंबर आहे. आमच्या घरात असं कोणी नाही."

लिहिलं एकदाचं. बारा वर्षं गावाला वळसा घातला आणि कळसा काखेत लागल्यावर हात वर करून मोकळा झालो. मांडवाचे वासे उतरत होते दारात. त्या क्षणी मला काशिराम दिसला तो असा: दाढी वाढलेला, स्वतःशी बडबडत, बेलपाड्याच्या पाहुण्यांमधून चालत येणारा. मला भावाची लाज वाटली. आज माझीच वाटते.

हळदीच्या दिवशी काय झालं ते तुला माहीत आहे, पण का झालं ते नाही. धवलारीण बाहेरगावची होती. लग्नाचे धवले गायला बसण्याआधी ती घरच्या कर्त्याला नावं विचारून घेते. आधी देवांना आवतण, मग पितरांना, मग जित्या माणसांना. तिने सगळ्यांच्या देखत विचारलं, "काशिरामचा नाव कंच्यान घेऊ, भाऊ? जित्यान का पितरान?" समोर विहीणबाई बसल्या होत्या. चोराच्या मनात चांदणं. त्या माझ्याकडेच बघतायत असं वाटलं मला. मी म्हटलं, "पितरान."

तिने सूर लावला. सरगातून ये रे काशिरामा, पुतण्याच्या हळदीला ये. मागे बसलेल्या बायाही नकळत म्हणून गेल्या. तू सवाष्णींच्या घोळक्यात हळद कांडत होतीस. शेजारच्या बाईने तुझ्या हातातलं मुसळ हळूच काढून घेतलं, ते मी पाहिलं. उठून म्हणायला हवं होतं, चुकलं माझं, थांबवा. मी अक्षतांचं ताट इकडचं तिकडे केलं. तू पिवळ्या हातांनी अंकिताला उठवलंस आणि माहेरची, चिरनेरची वाट धरलीस. गाव म्हणालं, तुळशीरामने शेवटी मन घट्ट केलं. माझं कौतुकच झालं.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी मी त्या संस्थेत गेलो. फोन करणारी बाईच दाराशी होती, रिया नावाची. "आपण कोण?" म्हणाली. मी म्हटलं, गाववाला. त्यांच्या वहीत लिहून ठेवलंय म्हणे, भावाने ओळख नाकारली. वर ती म्हणाली, "तो तुळशीराम भेटला तर सांगा, असा भाऊ वैऱ्यालाही नको." मी मान डोलावली.

काशिराम अंगणात मेथी निवडत बसला होता. केस बारीक कापलेले, अंगावर धुतलेला सदरा, बोलणं अगदी सरळ. मी उगाच घाबरलो होतो. त्याने मला ओळखलं नाही. माझी मिशी गेली, केस पांढरे झाले, अंगही सुटलंय. त्याने विचारलं, "गव्हानचे काय तुमी? माज्या भावाला वलखता? तुलशीराम."

"वलखतो," मी म्हटलं.

"त्याला सांगा, मी इथं हाय. सोदीत असंल तो मला. लय पलापल करतो, पायाला तरास हाय त्याच्या." मग थोडं थांबून म्हणाला, "आन् भामा बरी हाय ना? अंकीला शालेन घातली का?"

मी म्हटलं, बरी आहे, घातली. सांगतो तुळशीरामला. आणि उठून आलो. मी तुझा भाऊ आहे, एवढे चार शब्द माझ्याच्याने बोलवले नाहीत. परतीच्या एसटीत शेजारी बसलेल्या माणसाने विचारलं, काका, कुणी गेलं का?

आज नऊ दिवस झाले. दिनानाथरावांना खरं सांगायला उद्या बेलपाड्याला जातो आहे. ते काय करतील माहीत नाही, आणि हृतिकच्या संसाराचा घोर लागून राहिला आहे. पण आधी तुला सांगायला हवं होतं. नवरा तुझा आहे. जिवंत माणसासाठी तुझ्या हातचं मुसळ सुटलं, आणि ते मी सोडवलं.

माफ कर असं लिहिणार नाही. तेवढा मी निर्लज्ज नाही. तू तुझ्या भावाला घेऊन काशिरामला आणायला जा. पत्ता आणि रियाबाईंचा नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे. घरचं कोणी लेखी ओळख पटवून दिल्याशिवाय ते त्याला सोडत नाहीत, आणि वहीत माझा नकार आहे, म्हणून हेच पत्र दाखव. सगळं वाचू दे त्यांना, वहीला लावून ठेवू दे. त्याला घेऊन गव्हाणला यायचं की चिरनेरलाच राहायचं, ते तू ठरव. ही सही आधार कार्डावरच्यासारखीच केली आहे, म्हणजे अडवणार नाहीत.

तुळशीराम हिरू घरत
काशिराम हिरू घरत याचा सख्खा, थोरला भाऊ