करकंबला स्वतःच्या मोटारीने

४ जानेवारी १९७६, रविवार
मोटारीचं पासिंग झालं. तिसऱ्या खेपेला. पहिल्या दोन खेपांना आर.टी.ओ.च्या इन्स्पेक्टरनेच भलतं पेडल दाबलं, त्याला मी काय करणार? माझ्या मोटारीत ॲक्सिलरेटर मधोमध आणि ब्रेक अगदी उजवीकडे आहे. जुन्या इंग्रजी मोटारींत असंच असायचं. ज्या पुस्तकावरून मी मोटारविद्या शिकलो ते १९२८ सालचं आहे, हे कबूल. पण तेव्हापासून माणसाचे पाय काही बदललेले नाहीत.

परदेशात मोटारीचा अख्खा संच पेटीतून येतो आणि लोक घरी जोडतात. आपल्याकडे तसा माल मागवायला परवाना मिळत नाही. म्हणून संच मीच जमवला. लष्कराच्या लिलावातल्या जीपची चेसी, जुन्या फियाटचं इंजिन, बॉडी सागवानी फळ्यांची, वर पत्रा. बावीस वर्षं मिलच्या स्टोअरमध्ये सुटे भाग सांभाळतोय. कुठला भाग कशाला बसेल हे मला नुसतं बघून कळतं. मिलच्या इंजिनिअरला कळत नाही. त्याच्याकडे डिग्री आहे.

निश्चय: आता वच्छलाला करकंबला माहेरी न्यायचं. चार वर्षांपूर्वी तिथे मेहुणा आप्पा चारचौघांत म्हणाला होता, दाजी, मोटारीच्या एवढ्या गप्पा आन् आलात यष्टीनंच की. त्याच दिवशी शपथ घेतली. यापुढे करकंबात येऊ तर स्वतःच्या मोटारीने. वच्छलाच्या वतीनेही मीच घेतली. तेव्हापासून तीही गेलेली नाही. मला विचारलं होतं का, असं ती मधूनमधून म्हणते. विचारलं नव्हतं. प्रसंगच तसा होता.

७ जानेवारी
विमा कचेरीत गेलो. तिथल्या इन्स्पेक्टरचं नाव रेवणप्पा. अक्कलकोटकडचे, शांत गृहस्थ. म्हणाले, साधा थर्ड पार्टी घ्या, कायद्यापुरता. मी म्हटलं, पूर्ण विमा पाहिजे. ही काही बाजारू गाडी नव्हे, एकमेव आहे. ते म्हणाले, तेच तर अवघड आहे.

११ जानेवारी
रेवणप्पा मोटार बघायला घरी आले. खाली वाकून बराच वेळ बघत होते. मग अय्यो म्हणाले. कौतुकानेच असावं.

मोटार बनवणाऱ्या कंपनीच्या रकान्यात मी माझंच नाव, 'आबासाहेब', लिहायला सांगितलं. निर्मितीचं वर्ष यावर मात्र वाद झाला. मी म्हटलं १९७५. ते म्हणाले, चेसीवर त्रेचाळीस कोरलेलं आहे. मी म्हटलं, घराचा दगड लाख वर्षांचा असतो म्हणून घर लाख वर्षांचं होतं का? त्यांनी चहा घेतला आणि १९४३ लिहिलं. म्हणजे मोटार माझ्या लग्नाच्या आधीची ठरली. किंमतही माझ्या आकड्याच्या निम्मीच धरली. सही केली. अपघात होणारच नाही, तेव्हा हा वाद तात्त्विक आहे.

१८ जानेवारी
आज निघणार होतो. हॉर्नचा आवाज मनासारखा नाही. शिवाय संक्रांतीला भरलेल्या गड्ड्याच्या जत्रेची गर्दी अजून ओसरलेली नाही. पुढचा रविवार.

आप्पाचं कार्ड आलंय. आईला आता डोळ्यांनी कमी दिसतं, वच्छी कधी येणार म्हणून रोज विचारते, असं लिहिलंय. वच्छलाने कार्ड दोनदा वाचलं आणि म्हणाली, मी उद्याच्या यष्टीनं जाऊन येऊ का? समजावलं की इतकी वर्षं काढली, आता आठ दिवसांसाठी शपथ मोडायची का? तिने कार्ड देवापुढे नेऊन ठेवलं. पटलं असावं.

२५ जानेवारी
हॉर्न उत्तम. पाऊस नाही तरी वायपर हवेतच. पुढचा रविवार नक्की.

१ फेब्रुवारी, सकाळी ६
निघतोय. वच्छलाने ठेवणीतलं इरकल नेसलंय. मांडीवर शेंगांच्या लाडवांचा डबा. गल्लीतली माणसं बाहेर येऊन बघतायत. एकाने विचारलं, धक्का देऊ का? उत्तर दिलं नाही. धक्का मात्र घेतला, सेल्फ थंडीने जरा जड झाला होता.

१ फेब्रुवारी, दुपार
प्रवास पुणे नाक्यापर्यंत निर्दोष झाला.

तिथे मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता. मी वेळेत पाहिला. वेळेत निर्णय घेतला. वेळेत पाय दाबला. मोटारीने मात्र त्याचा वेगळा अर्थ घेतला आणि ती एकदम जोरात सुटली. मेंढरांनी शहाण्यासारखी मधून वाट दिली. वाटेच्या टोकाला म्युनिसिपालटीचा रोड रोलर उभा होता.

कोणालाही लागलं नाही. डबाही शाबूत. रोलरवाला पलीकडे चहा पीत होता. तो येऊन म्हणाला, मला वाटलं कुणी दगुड मारला. रोलरला ओरखडाही नाही. माझी बॉडी पुढून अर्धी आत गेली आणि चेसी मधोमध वाकली. त्रेचाळीस सालचीच ती.

मेंढरांचा मालक भिमा, सांगोल्याकडचा धनगर. त्याने मला उठवलं, टोपी झटकून हातात दिली आणि म्हणाला, मालक, मेंढरं थांबली की, तुमी का न्हाय थांबला?

अशिक्षित माणूस.

वच्छला रस्त्याकडेला लाडवांचा डबा घेऊन उभी होती. करकंबच्या बाजूला जाणारी पंढरपूरची यष्टी समोरून गेली. यष्टी दिसेनाशी होईपर्यंत ती तिकडेच बघत राहिली.

३ फेब्रुवारी
क्लेम दाखल केला. अकरा पानी निवेदन, तीन आकृत्या. कारणं क्रमाने: (१) मेंढरं, (२) रोलर, (३) म्युनिसिपालटी, (४) रस्त्याचा उतार. तिथे उतार नाही असं मागाहून कळलं. पण डोळ्यांना तो जाणवतो.

नवी मोटार याहून सरस होईल. आराखडा सुरू केला. विम्याचे पैसे आले की चेसी नवी घेणार, तिच्यावर कुठलंही साल कोरलेलं नसेल. मग करकंब. वच्छलाला सांगितलं. तिने विचारलं, किती दिवस? म्हटलं, दिवसांत नाही सांगता येत. फार तर दोन वर्षं. ती आत गेली. भांड्यांचा आवाज जरा मोठा येत होता.

९ फेब्रुवारी
रेवणप्पा सर्व्हेला आले. म्हणाले, टोटल लॉस. मी म्हटलं, टोटल कसा? माझ्या मते फक्त पुढची बाजू, मधली बाजू आणि चाकांची रेषा बिघडली आहे. ते म्हणाले, मग मागची सीट उरली. सीट खरोखर अखंड आहे.

१३ फेब्रुवारी
कचेरीत बोलावलं. पेच पडलाय.

रेवणप्पांनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, आबासाहेब, तुमच्या अकरा पानांतून काही निघत नाही. गाडी थांबली नाही, एवढंच निघतं. आता दोनच गोष्टी आहेत. गाडीत बिघाड होता म्हणाल, तर पॉलिसीत बिघाड बसत नाही, दमडी मिळणार नाही. चालवणाऱ्याची चूक म्हणाल, तर ती बसते. एका ओळीत लिहून द्या.

मी म्हटलं, बिघाड अशक्य. गाडी मी बनवली आहे. आनंद झाला त्यांना. म्हणाले, मग चूक लिहा. मी म्हटलं, तीही अशक्य. गाडी मी चालवत होतो.

ते खिडकीबाहेर बघत बसले.

१९ फेब्रुवारी
झोप नाही. वच्छला म्हणते, लिहून द्या की एक ओळ, कोण बघतंय? तिला कसं सांगू की मी बघतोय.

२१ फेब्रुवारी
मार्ग सापडला. मोठी माणसं नेहमी दोन खुर्च्यांवर बसून विचार करतात.

निर्माता आबासाहेब आणि चालक आबासाहेब ही दोन वेगळी माणसं धरली. निवेदन असं: 'प्रस्तुत मोटारीचा निर्माता या नात्याने मी चालकाच्या हलगर्जीपणाचा तीव्र निषेध करतो. त्याने ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला. अशा इसमाच्या हाती मोटार देणे ही माझी चूक झाली.' खाली निर्माता म्हणून सही. तिच्याखाली चालक म्हणून 'मान्य' अशी सही.

रेवणप्पा म्हणाले, आणखी एक सही करायची असेल तर करा, पण पेडलांच्या क्रमाबद्दल एक अक्षर लिहू नका. मोठा समजूतदार माणूस. सही करून बाहेर पडलो तर एकदम हलकं वाटलं. चालकाशी मात्र दोन दिवस बोलणार नाही.

२ मार्च
क्लेम मंजूर. गाडीचं वय तेहतीस धरून बरीच कपात केलीय. त्यात चेसी येईल, मोटार येणार नाही.

आणि एक भयंकर गोष्ट कळली. पूर्ण नुकसानीचे पैसे दिले की मोडलेली मोटार कंपनीची होते. कंपनी ती टेंडर मागवून भंगारात विकणार. रेवणप्पा म्हणाले, तुम्हीही टेंडर भरू शकता. मी ताडकन उठलो. आपल्याच मोटारीला भंगाराचा भाव आपणच लावायचा? स्वाभिमान म्हणून काही आहे. कोण घेणार ती? माझ्याशिवाय तिची किंमत कळणारा माणूस जिल्ह्यात नाही.

१४ मार्च, रविवार
आप्पाने घेतली.

त्याला कुणी कळवलं? वच्छलाला विचारलं. ती म्हणाली, कार्ड टाकलं होतं. आणि भाजी निवडत राहिली.

२० मार्च
आप्पा उसाचा ट्रक घेऊन आला. मला नमस्कार केला. कसलीही थट्टा केली नाही, हे जास्त लागलं. सहा माणसांनी मोटार ट्रकमध्ये चढवली. दोरी कशी बांधायची ते मी सांगत होतो. त्यांनी ती वेगळीच बांधली.

ट्रक निघायच्या वेळी वच्छला इरकल नेसून, हातात पिशवी घेऊन बाहेर आली आणि ड्रायव्हरशेजारी चढून बसली. मी म्हटलं, हे काय? ती म्हणाली, आपली मोटार करकंबला चाललीय. मी तिच्याबरोबर चाललेय. भाकरी झाकून ठेवलीय.

युक्तिवादात चूक शोधली. ट्रक बाळीवेस ओलांडेपर्यंत सापडली नाही. अजून सापडलेली नाही.

२८ मार्च
खानावळीतली आमटी पाणचट. नव्या आराखड्यात मन लागत नाही. सीट कोणासाठी आखायची तेच कळेना.

४ एप्रिल, रविवार, करकंब
यष्टीने आलो. मोडनिंबपर्यंत उभ्याने.

आप्पाने इंजिन गुऱ्हाळाच्या चरकाला जोडलंय. झकास चालतं. बाकीच्या भागांचं काय केलंस, विचारलं. म्हणाला, दाजी, बाकीचं काढल्यावरच ते नीट चालाया लागलं की. गुऱ्हाळावरची माणसं हसली नाहीत. आप्पाने त्यांना आधीच ताकीद दिली असावी. काहिलीतल्या पहिल्या गुळाचा खडा त्याने माझ्याच हातावर ठेवला.

सीट त्यांच्या अंगणात लिंबाखाली ठेवलीय. सासूबाई, बजाबाई, तिच्यावर बसून वच्छलाचे केस विंचरत होत्या. दिसत नाही म्हणून हातानेच भांग चाचपून पाडत होत्या. भांग सरळ पडला होता.

मला म्हणाल्या, कोण, जावईबापू? या, बसा. तुमचीच मोटार हाय. शेजारी बसलो. त्यांनी सीटवरून हात फिरवला. लई मऊ केलीया, म्हणाल्या. मला बरं वाटलं. पाठीचा कोन कसा ठरवला ते सांगायला लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, मोटार एवढी चांगली हुती, तर माज्या पोरीला हितवर यायला चार वर्सं का लागली?



उत्तर माझ्याजवळ होतं. सविस्तर होतं. तेवढ्यात साडेचारच्या परतीच्या यष्टीची वेळ झाली.