तोरणापुरती जाई

कोक्विटलाम, कॅनडा

अध्यक्ष उन्मेषराव,

नमस्कार लिहायचीही इच्छा नाही.

आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मेडिकलला गेलेल्या मुलांचा तुम्ही दरवर्षी सत्कार करता. आमच्या शेजारची जाई कॉलेजात बास्केटबॉल खेळायची. कोच तिला बेंचवरच बसवायचा, पण शेवटची दोन-चार मिनिटं मिळाली तरी जीव तोडून खेळायची. ते बघायला मी बर्फातून जायचो. तुम्हाला मात्र ती उंच म्हणून फक्त तोरण बांधायला आठवायची. आता प्रोफेशनल टीमने घेतल्यावर ती ‘आपली जाई’ झाली, आणि फुकट तिकिटांसाठी तुम्ही मला फोन करता.

हे सगळं तिला वाचून दाखवलं. म्हणाली, “काका, डोन्ट सेंड इट. शनिवारी गणपतीचं तोरण कोण बांधणार?”

म्हणून पाठवत नाही. पण तोरण तिच्या हातात देताना निदान मान वर करून तिच्याकडे बघा.

तिचा जुना फॅन,
रविकांत