मागितल्याशिवाय वाढायचं नाही

बाबा,

तुम्ही घेतलेलं जेवणाचं टेबल गेल्या महिन्यात आईने भंगारवाल्याला देऊन टाकलं. तो म्हणाला, पाय गंजले, वरची फळी फुगली, याचं काही येणार नाही. आई म्हणाली, नेऊन टाक, तेवढंच पुरे. आता आम्ही दोघी खाली बसून जेवतो आणि जेवताना आई इतकी बोलते की कधीकधी माझं डोकं उठतं. पण मी तिला गप्प बस म्हणत नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाहीये. उलट वाईट वाटावं अशीच इच्छा आहे, पण तुम्हाला वाईट वाटायची सोय आता राहिली नाही.

नंदनवनच्या त्या दोन खोल्यांत ते टेबल मावत नव्हतं. स्वयंपाकघरात जायचं तर अंग चोरून जावं लागायचं. पण इंग्रजी बोलणारी माणसं टेबलावर जेवतात, असं तुमच्या मनाने घेतलं होतं. टेबलाबरोबर नियमही आला. जेवताना फक्त इंग्रजी. काही हवं असेल तर अख्खं वाक्य करून मागायचं, आणि मागितल्याशिवाय आईने वाढायचं नाही. आईला इंग्रजीतलं अक्षर येत नव्हतं. त्यामुळे ती आमच्याबरोबर बसलीच नाही. आमचं उरकलं की ओट्याजवळ उभ्या उभ्या जेवायची. तुम्हाला त्यात काही वावगं दिसलं नाही. वाढायला कोणीतरी हवंच होतं.

हे सगळं कुठून आलं ते मला ठाऊक आहे, आईने सांगितलं आहे. हिंगण्याच्या कंपनीत बाहेरून नवा साहेब आला, त्याने सगळ्यांसमोर तुम्हाला इंग्रजीत काहीतरी विचारलं, तुम्ही उभे राहिलात आणि तोंडातून शब्द फुटला नाही. तुमच्या हाताखालचा पोरगा पुढे होऊन बोलला आणि सुपरवायझर झाला. तुमच्यासोबत वाईट झालं, हे मला मान्य आहे. पण साहेबाला काही म्हणायची तुमची छाती नव्हती, म्हणून तुम्ही कंपनीच्या बसमधून उतरून घरी यायचात आणि चौथीतल्या पोरीला धरायचात. तुमचं दुःख समजलं म्हणून मी तुम्हाला माफ केलं, असा गैरसमज करून घेऊ नका.

सांभारवड्यांचा तो दिवस तुम्ही विसरला असाल. मामा गावाहून आलेला आहे. आईने सकाळपासून खपून त्याच्यासाठी वड्या केल्या आहेत, भरपूर सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि खोबरं घालून. एक मी खाल्ली आहे आणि मला दुसरी हवी आहे. आई परात घेऊन माझ्या बाजूला उभी आहे. तुम्ही म्हणता, "आस्क." वाक्य मला येतं. सकाळीच घोकून ठेवलं आहे. पण मामा माझ्याकडे बघतो आहे आणि 'प्लीज'च्या पुढे काही निघत नाही.

"प्लीज काय? पुढं? तोंडात माती भरली का वं?"

"जाऊ द्या ना भाऊजी," मामा म्हणाला. "लेकरू आहे. दे वं बाई तिले एक."

आईचा हात परातीकडे गेला. तुम्ही बसल्या बसल्या तिचं मनगट धरलं. "मांगतल्याशिवाय वाढाचं नाही. ज्याले बोलता येते त्याले भेटते. तुले बी आता समजलं पाहिजे." आई परात घेऊन आत गेली. मामाच्या हातात अर्धी वडी होती, ती त्याने ताटाच्या कडेला ठेवली. त्यानंतर तो आपल्या घरी कधी जेवायला थांबला नाही. तुम्ही मात्र पोटभर जेवलात. मागायची सक्ती तुम्हाला नव्हती, तुमच्या ताटात आधीच सगळं वाढलेलं असायचं.

मग माझ्या वाढदिवसाला तुम्ही बर्डीच्या बाजारातून टेपरेकॉर्डर आणलात. मी खोका उराशी धरून अख्ख्या गल्लीत फिरून आले. मला वाटलं, गाणी ऐकायला आणला. संध्याकाळी तुम्ही त्यात कोरी कॅसेट घातली, लाल बटण दाबलंत आणि म्हणालात, "बोल." पुढे घरी कोणीही आलं की चहाबरोबर माझी कॅसेट लागायची. "ऐका आमच्या मॅडमची इंग्लिश." मी जिथे अडखळले तिथे थांबवून, मागे नेऊन, पुन्हा लावायचात. शेजारचे काका-काकू आधी भिडेखातर हसायचे, मग मनापासून. मीही हसायचे त्यांच्याबरोबर, म्हणजे लवकर संपेल.

तुमची मेहनत फुकट गेली, बाबा. मला इंग्रजी समजतं, लिहिता येतं, डॉक्टरांचं वाईटातलं वाईट अक्षर वाचता येतं. बोलता येत नाही. कोणी माझ्या तोंडाकडे बघायला लागलं की शब्द अडकतात, आणि फक्त इंग्रजीतच नाही. दवाखान्यात मला शांत सिस्टर म्हणतात. माझ्या मागून आलेल्या मुली शिफ्टच्या इन्चार्ज झाल्या, मी झाले नाही, कारण इन्चार्जला बोलावं लागतं. तुमचं आणि माझं नशीब एकसारखंच निघालं म्हणायचं. फरक एवढाच की मला तसं तुम्ही केलंत.

मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा तुम्हाला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्याच टेबलाशी तुम्हाला खुर्चीत बसवायचो. तुम्ही डाव्या हाताने मिठाकडे बोट करायला जायचात, आणि ते बोट उचलायच्या आत आई मीठ पुढे करायची. एकदा मी तिला म्हटलं, थांब ना, मागू दे त्यांना. ती माझ्याकडे बघतच राहिली. "भूक लागली यायले. दिसून राहिलं ना मले. मांगाचं कायले?" मला मात्र तुमच्याकडे बघायला आवडायचं. तुम्ही तोंड उघडायचात, लाळ गळायची, शब्द यायचा नाही. मी रुमालाने लाळ पुसायचे, अगदी नीट, शिकवल्याप्रमाणे, आणि मनात म्हणायचे, आस्क. तुम्ही गेलात तेव्हा मी रडले. घरात माणसं जमली होती.

आता जर्मनचं सांगते. आमच्या दवाखान्यातल्या काही जणी जर्मनीला नोकरीसाठी गेल्या, म्हणून मीही एका एजन्सीकडे नाव दिलं. इथे म्हातारी होईपर्यंत मान डोलवत राहायचं नव्हतं. त्यासाठी भाषेची परीक्षा होती. लेखी झालं, वाचन झालं, ऐकणं झालं, सगळ्यांत पास. तोंडी परीक्षेत समोरच्या बाईने नाव विचारलं आणि मला माझं नाव सांगता आलं नाही. बाई हसली नाही, पण तुम्ही हसलात. मला ऐकू आलं. एजन्सीने कळवलं, आणखी एकदा बसता येईल, नंतर माझी जागा दुसऱ्या मुलीला. म्हणून मी बर्डीवर एका क्लासला जायला लागले. शिकवणारी मुलगी माझ्याहून कितीतरी लहान, जिभेला हाड नसलेली. म्हणाली, "ताई, चुकलं तर कोणी मरते का?" मी म्हटलं, माझ्या कामात मरतात. तर म्हणते, "मग त्यायच्याशीच बोला. ते तरी मरेपर्यंत ऐकतील."

ती थट्टा करत होती, मी ते खरंच केलं. आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या पेशंटशी बोलायचं असतंच, ऐकू येत असेल तर धीर येतो म्हणून. मी जर्मनमध्ये बोलायला लागले. आता तोंड पुसते. आता सुई टोचेल. आता तुम्हाला डाव्या कुशीवर वळवते. सगळ्यांच्या घशात नळी, हसणार कोण? सुरुवातीला पुटपुटायचे, मग आवाज निघायला लागला. त्या माणसांना काय वाटत असेल याचा विचार मी केला नाही. मला माझी पडली होती.

त्यातला एक म्हातारा, मौद्याकडचा, बरा झाला. नळी काढल्यावर दुसऱ्या दिवशी घोगऱ्या आवाजात मला म्हणाला, "सिस्टर, मले वाटलं मी मेलो, अन् यमाघरी कोणत्या भाषेत चौकशी चालू आहे काय माहीत. तुमीच होत्या का त्या? बोला ना एक डाव." आता तो जागा होता आणि थेट माझ्या तोंडाकडे बघत होता. तेच, डाव्या कुशीवर वळवते, म्हणायला गेले आणि दुसऱ्याच शब्दाला अडकले. तो थांबला. पुढं काय, असं त्याने विचारलं नाही. मी पुन्हा सुरू केलं, कसंबसं वाक्य पूर्ण केलं, आणि म्हातारा कण्हत कण्हत आपणहून डाव्या कुशीवर वळला. बेशुद्धीत इतक्यांदा ऐकलं होतं की त्याला ते कळत होतं. माझ्या बोलण्याने कोणी काही केलं, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि या रडण्याला माणसं जमलेली नव्हती.

गेल्या आठवड्यात परीक्षा झाली. मी अडखळले, चुकले, पुन्हा बोलले, थांबले नाही. घरच्यांबद्दल विचारलं तेव्हा मी आईबद्दल बोलले, ते तयार करून गेले होते. मग त्या बाईने विचारलं, वडील काय करत होते? म्हटलं, कारखान्यात होते, वारले. स्वभावाने कसे होते? दुष्ट हा शब्द मला येतो, पुस्तकातल्या एका गोष्टीत होता. क्रूरही येतो, तो मी स्वतः शोधून ठेवला होता. मी म्हणाले, माझे वडील फार चांगले होते, त्यांनी मला बोलायला शिकवलं. बाईने मान डोलावली.

काल निकाल आला, पास झाले. जेवताना आईला सगळं सांगितलं, काय विचारलं, मी काय बोलले. तुमच्याबद्दलचं ऐकून तिचा हात ताटातच थांबला. मग घास तोंडात घालून म्हणाली, "इतकं खोटं बोलता आलं म्हणजे आली वं तुले भाषा." आणि हसायला लागली. तुमच्यावर इतकं मोकळं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मीही हसले.

तिला एक सांगितलं नाही, ते इथे लिहिते, कारण हे कोणाकडे जायचं नाही. अख्ख्या परीक्षेत तुमच्याबद्दलचं तेवढं एकच वाक्य मी न अडखळता बोलले. ते बोलताना मला भीती वाटली नाही.