दादीचा कोरा नकाब

७८६
अमडापूर,
ता. ६ सप्टेंबर १९६४

चि. हाजरा हिस,

अब्बाचे अनेक दुवा व आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळे खुशाल आहेत. ज्वारी बरी आहे, तुझ्या अम्माचा खोकला उतरला आहे. बीबी गावच्या एका लग्नघरचे सहा बुरखे शिवायला आले आहेत, त्यामुळे मशीन सकाळपासून चालू असते. एवढ्या लांबून लोक माप द्यायला येतात ते हबीब टेलरच्या बुरख्याला नाव आहे म्हणून. हे नाव मी वीस वर्षे टाक्याटाक्याने मिळवले आहे, हे तुला सांगायला नकोच.

आता मुद्द्याचे लिहितो. आपला शेजारी दयाराम परवा कचेरीच्या कामाने बुलढाण्याला गेला होता. परत आला तो थेट दुकानात, आणि बाकावर चार माणसे बसलेली असताना त्याने मोठ्या कौतुकाने सांगितले की हबीबभाई, तुमच्या पोरीले शाळेत शिकवताना खिडकीतून पाहून राह्यलो होतो, काय झाक शिकवते, हातात खडू, तोंड उघडं, पोरं कशी चिडीचूप! दयारामच्या मनात काही नव्हते, तो बिचारा तारीफ करत होता. पण बाकावरच्या चौघांनी नजर वळवली. कोणी तंबाखू मळत राहिले, कोणी चप्पल शोधू लागले. माझी मान खाली गेली.

जून महिन्यात तुला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला पाठवायचे ठरले तेव्हा मशिदीच्या ओट्यावर मी सगळ्यांना शब्द दिला होता की माझी मुलगी शिकेल, पण तिचा चेहरा झाकलेला राहील. तो शब्द तू मोडलास, आणि मला ते दयारामच्या तोंडून कळले. दुसऱ्यांच्या लेकींचे नकाब मी शिवतो आणि माझी लेक तो मागे टाकून उभी राहते, यावर मी लोकांना काय सांगायचे ते तूच सांग.

लग्नाचे काम आटपून रविवारी, वीस तारखेला, सकाळच्या एस.टी.ने मी तुला न्यायला येतो. सामान बांधून ठेव. फार रागाने लिहिले असेल, पण जे लिहिले ते विचार करून लिहिले आहे. तुझी अम्मा शेजारी बसून म्हणते आहे की पोरीला आधी विचारा तरी. ते तिच्या आग्रहाखातर लिहिले.

तुझा,
अब्बा

•

७८६
बुलढाणा,
ता. १० सप्टेंबर १९६४

तीर्थरूप अब्बाजान यांचे सेवेशी,

हाजराचा सलाम व साष्टांग नमस्काराइतकाच आदर. वि. वि. पत्र पोचले. दोनदा वाचले, आणि दोन्ही वेळा माझीच चूक पुढे आली. नकाब मागे टाकला ही नव्हे. तुम्हाला स्वतः कळवले नाही, ही. दयारामकाकांच्या आधी माझे पत्र यायला हवे होते. मी घाबरले. याची माफी मागते, ती मनापासून आहे.

आता घडले ते सांगते. महिन्यापूर्वी माझा पहिला पाठ होता, पहिलीच्या मुलांपुढे. मी नकाबासकट उभी राहिले. गोष्ट चांगली पाठ केली होती, आवाजही मोठा काढला. पण मुले जाळीकडेच बघत राहिली. चांगुणा नावाची एक सहा वर्षांची मुलगी आहे, ती मध्येच उठून विचारू लागली की बाई, तुम्ही रागावल्या का. अब्बाजान, मी त्या वेळी हसत होते. तिला ते दिसायला काही मार्गच नव्हता.

आम्हाला ट्रेनिंग देणाऱ्या विमलबाईंनी काही जबरदस्ती केली नाही. त्यांनी एवढेच सांगितले की धर्म तुझा आहे, निर्णयही तूच कर, पण नीट विचार करून कर. त्या तशा बोलल्या नसत्या तर कदाचित मी हट्टाने नकाब ठेवला असता. स्वभाव कुणाचा घेतला आहे ते तुम्हाला ठाऊक आहे.

मग मी विचार केला. आपल्या मशिदीतल्या हाफिजसाहेबांच्या घरी मी लहानपणी उर्दू अक्षरे शिकले ती कामी आली. तर्जुम्याचे, म्हणजे उर्दूत अर्थ दिलेले कुराण मिळवून त्यातली सूर-ए-नूर ही सुरा हळूहळू, बोट ठेवून वाचली. पडद्याची आयत म्हणून आपण जी नेहमी ऐकतो, ती तिथे आहे. बायकांनी नजर खाली ठेवावी, ओढणी गरेबानावर घ्यावी. पण त्या आयतीच्या आधी एक आयत आहे, आणि ती पुरुषांना आहे. मोमिन मर्दांना सांगा की आपली नजर खाली ठेवा. अल्लाने आधी तुम्हाला सांगितले, मग आम्हाला. मी अठरा वर्षांची झाले, आपल्या गावात ही पहिली आयत मला कोणी सांगितल्याचे आठवत नाही.

आणि गरेबान म्हणजे काय, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळते. रोज गळे कापता तुम्ही. तिथे ओढणी गळ्यावर, छातीवर घ्या असे आहे. चेहऱ्याचे नाव मला तिथे सापडले नाही. दुसरीकडे चादरीची आयत आहे आणि तिचा अर्थ काही मोठे आलिम चेहऱ्यापर्यंत नेतात, हेही मी वाचले. माझ्या सोयीचे तेवढेच वाचले असे म्हणू नका.

शेवटचे एक. दादी हजला निघाल्या तेव्हा तुम्ही त्यांच्यासाठी पांढरा नकाब शिवला होता. तेव्हा मी बारा वर्षांची होते, जाळीचा धागा मीच सुईत ओवून दिला होता. तो नकाब घरातल्या पत्र्याच्या पेटीत आहे. कृपा करून पेटी उघडा आणि त्याच्या घड्या बघा. मग हाफिजसाहेबांना विचारा की त्या तशा का राहिल्या.

रस्त्याने जाता-येता मी तुमच्या हातचा बुरखा घालते, आवडीने घालते. वर्गात डोके आणि गळा ओढणीने झाकलेले असतात. फक्त चेहरा मुलांसाठी उघडा ठेवते. सोमवारी, एकवीस तारखेला माझा शेवटचा पाठ आहे, इन्स्पेक्टरसाहेबांसमोर. तो दिला नाही तर वर्ष गेले आणि जागाही गेली. तरीही रविवारी आलात आणि चल म्हणालात तर सामान बांधलेले असेल. तुमच्याशी एस.टी. स्टँडवर वाद घालणार नाही. मात्र चांगुणाला मी का गेले ते तुम्हीच येऊन सांगा, मला ते जमणार नाही.

अम्माला सलाम. आशीर्वादाची वाट पाहणारी,
हाजरा

•

७८६
अमडापूर,
ता. १६ सप्टेंबर १९६४

चि. हाजरा हिस,

अनेक दुवा. वि. वि. तुझे पत्र आले त्या दिवशी ते खिशात ठेवून मी मशीनवर बसलो. बीबीवाल्यांच्या एका बुरख्याची बाही उलटी जोडली. वीस वर्षांत असे झाले नव्हते. तुझ्या अम्माने ती मुकाट्याने उसवली आणि म्हणाली की पेटीची किल्ली खिडकीत आहे.

पेटी उघडली. नकाब वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. अम्मीजानच्या हजसाठी म्हणून मी सगळ्यात बारीक जाळी मुंबईहून मागवली होती, तुला आठवत असेल. घड्या मी घातल्या तशाच होत्या, इस्त्रीसकट. माझी आई इतका लांबचा प्रवास करून आली आणि मी मोठ्या अभिमानाने शिवलेला नकाब तिने एकदाही चेहऱ्यावर घेतला नाही. ती आली तेव्हा मी विचारले होते, तर तिने एवढेच सांगितले की बेटा, तो ठेवून दिला आहे. मला वाटले जपून ठेवला. माझ्या कामाची मान खाली जाऊ नये म्हणून ती तसे बोलली, हे मला आज कळते आहे.

नकाब घेऊन हाफिजसाहेबांकडे गेलो. ते हसले, मग गंभीर झाले. म्हणाले की इहराममध्ये, म्हणजे हजच्या विधींच्या काळात, बाईने नकाब बांधायचा नसतो, रसूल पैगंबरांचीच तशी ताकीद आहे. हबीबमियाँ, एवढा मोठा टेलर आणि हे तुम्हाला ठाऊक नव्हते? पोरी, मला खरेच ठाऊक नव्हते. कुराण मी रोज पढतो, अर्थ कधी विचारला नाही. चौथी मराठी शिकलेला माणूस मी, मापाच्या वहीपलीकडे कधी गेलो नाही.

मग त्यांना सूर-ए-नूर वाचायला लावली. त्यांचे स्वतःचे मत तुझ्यासारखे नाही, हे लपवत नाही. त्यांच्या मते जमाना खराब आहे, चेहरा झाकलेला बरा. पण ते सचोटीचे मनुष्य आहेत. त्यांनी स्पष्ट सांगितले की यात मोठमोठ्या आलिमांमध्ये दोन मते आहेत, आणि मुलगी डोके-गळा झाकून मुलांना शिकवते तर मी तिला गुन्हेगार म्हणणार नाही. पुरुषांची आयत मी त्यांना तीनदा वाचायला सांगितली. तिसऱ्यांदा त्यांचाही आवाज हळू झाला.

परवा संध्याकाळच्या नमाजानंतर त्याच ओट्यावर उभा राहिलो आणि जूनमध्ये दिलेला शब्द सगळ्यांसमोर परत घेतला. लपूनछपून काही नको म्हणून. एकजण म्हणाला की उद्या सगळ्याच पोरी तोंडे उघडून फिरतील, मग नजरा कोण आवरणार. मी सांगितले की ज्याच्या त्याने, आधी हुकूम आपल्याला आहे. दोघे रागाने उठून गेले. बाकीचे बसून राहिले. घरी येऊन तुझ्या अम्माला सांगितले तेव्हा ती रडली आणि तिने शिरखुर्मा केला, ईद नसताना.

अजून एक गोष्ट केली, ती लिहायला लाज वाटते. आपल्या दुकानासमोरून सगळ्या गावच्या बायका पाण्याला जातात. वीस वर्षे मी मशीनवर बसून त्यांच्याकडे पाहत आलो. कोणाचा बुरखा कोणी शिवला, कोणाचा पदर ढळला, सगळे पाहिले. मी शिलाई पाहतो असे स्वतःला सांगत होतो. काल मशीन उचलून भिंतीकडे तोंड करून लावली. बाकही फिरवला. उजेड पाठीमागून येतो, सुईवर माझीच सावली पडते, आणि दयाराम विचारून राह्यला आहे की हबीबभाई, भिंतीले काऊन पाहता. सवय होईल.

हाजरा, मी माझ्या हुन्नराचा अभिमान बाळगत आलो. आता तुझा बाळगतो, आणि तो जास्त आहे. रविवारी येतो आहेच. सामान बांधू नकोस. नवी पांढरी ओढणी आणतो, सोमवारी ती घेऊन उभी राहा. चांगुणाला माझा दुवा सांग.

तुझ्यावर लोभ होता, आहे, आणि आता त्यात आदरही आहे.

अब्बा

•

७८६
बुलढाणा,
ता. २२ सप्टेंबर १९६४

तीर्थरूप अब्बाजान यांचे सेवेशी,

हाजराचा सलाम. वि. वि. काल सकाळी तुम्ही एस.टी.त बसलात आणि तासाभराने माझा पाठ झाला. ओढणीची किनार अशी बसली होती की एकदाही सावरावी लागली नाही. चांगुणा पहिल्या बाकावर बसली आणि मी हसले की हसत होती, त्यामुळे मला दोनदा गोष्ट विसरायला झाली. तरी पास झाले. विमलबाईंनी तुम्हाला आवर्जून नमस्कार सांगितला आहे.

पाठ संपल्यावर इन्स्पेक्टरसाहेबांनी वहीत शेरा लिहिला आणि विचारले की मुलगी कोणाची. मी ताठ उभी राहून सांगितले की अमडापूरच्या शेख हबीब टेलर यांची, ज्यांची मशीन भिंतीकडे तोंड करून असते. साहेबांना काही समजले नाही. त्यांनी नाव तेवढे लिहून घेतले.

मी त्यांना समजावून सांगत बसले नाही. ज्यांना समजायला हवे त्यांना समजले आहे.

अम्माला म्हणावे, दिवाळीच्या सुट्टीत शिरखुर्मा पुन्हा हवा. सावलीत सुई ओवायला तोवर माझी वाट पाहावी.

आपली,
हाजरा