भामाअक्काची दाढ आणि गौरीचं स्थळ

उदगीर,
१० नोव्हेंबर १९९४

ती. सौ. भामाअक्का हिस,
भगवंताचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. तुझी तब्येत आणि दाजींचा स्वभाव दोन्ही बरे असतील अशी आशा करतो. फोनच करणार होतो, पण चौकातला एस.टी.डी.वाला सगळं बोलणं ऐकतो आणि बाहेर निघताना वर सल्लाही देतो. म्हणून पत्र.

गौरीसाठी तुमच्या हैदराबादचं स्थळ आलं आहे. मुलगा अविनाश सोमवंशी. मूळचे भालकीकडचे, पण दोन पिढ्या झाल्या, तिकडेच आहेत. घरी फक्त आई. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, दिलसुखनगरला कॉम्प्युटरच्या क्लासच्या वरच्या मजल्यावर त्याचा स्वतःचा दवाखाना आहे. आता कशाचा दवाखाना ते ऐक आणि खाली बस. दातांचा.

अक्का, मीही कपाळाला हात लावला. गौरीचा वरचा पुढचा दात खोटा आहे हे घरच्यांना आणि तो बसवणाऱ्याला सोडून कोणाला ठाऊक नव्हतं, तरी दोन स्थळं त्यावरूनच मोडली. कोणी सांगितलं देव जाणे. आणि तो दात गेला कसा हे तुला माहीत आहे. हापशाचा दांडा माझ्याच हातातून सुटला होता. पोरगी नववीत होती. आजही ती हसताना तोंडावर हात नेते तेव्हा मी दुसरीकडे बघतो. म्हणून या खेपेला अक्षता पडेपर्यंत दाताचा ब्र काढायचा नाही, असं मी ठरवलं आहे. फोटोही तोंड मिटलेलाच पाठवला.

तुझ्याकडे एक काम. पाहुणी म्हणून गेलीस तर मुलगा गोडच बोलेल. तू पेशंट म्हणून जा. तुझी ती दाढ तीन वर्षं ठणकतेच आहे, तिचाही निकाल लागेल. हात हलका आहे का, चिडका आहे का, बायाबापड्यांशी कसा बोलतो, सगळं बघ. खरं नाव सांगू नकोस.

धाकट्यावर आजवर जशी माया केलीस तशीच हे काम होईपर्यंत तरी असू दे.

तुझा,
भगवंत


चिक्कडपल्ली, हैदराबाद,
१६ नोव्हेंबर १९९४

चि. भगवंतास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी बहीण जिवंत आहे. दाढ नाही. बोलायला डॉक्टरने बंदी केली आहे, त्यामुळे तुझे दाजी परवापासून फार आनंदात आहेत.

सोमवारी गेले होते. शेजारच्या जयवंताबाईचं नाव सांगितलं. दवाखाना चकाचक आहे, खुर्ची बाहेरच्या देशातली, बटण दाबलं की आपण आडवे. मुलगा सावळा, शेलाटा, आवाज हळू. मला वाटलं होतं, गेल्या गेल्या पकड घेऊन धावेल. तसं काही नाही. आधी आरशाने बघितलं, मग फोटो काढला आणि तो उजेडात धरून मला दाखवला. दाढ वाचत असेल तर काढायची नाही असं त्याचं मत. पण माझी मुळापर्यंत कुजलेली निघाली, तेव्हा काढणं भाग आहे म्हणाला.

मग त्याने एक कार्ड पुढे ओढलं आणि विचारायला लागला. बी.पी. आहे का, साखर आहे का, कुठली गोळी चालू आहे का, पूर्वी कधी रक्त थांबायला वेळ लागला का, सकाळी नीट खाऊन आलात का. भगवंता, इथं मी घोळ केला. माझ्या मनात आलं, उद्या याला कळलं की ही मुलीची सख्खी आत्या, तर म्हणेल, यांच्या घराण्यात बी.पी. आहे, काळजाचा विकार आहे. मुलीकडच्या माणसाने आजार सांगायचे नसतात हे आपल्याला आईने शिकवलेलंच आहे. मी सगळ्याला नाही म्हटलं. खाण्याला तेवढं हो म्हटलं, आणि तोही खोटा हो, कारण सोमवारचा उपास होता.

सुई टोचताना मुंगी चावल्यासारखं झालं, एवढंच. मग अर्धं तोंड माझं राहिलं नाही. ओठ चाचपून बघितला तर शेजारणीचा वाटावा. ओढल्यासारखं, दाबल्यासारखं वाटेल पण दुखणार नाही, दुखलं तर डावा हात वर करा असं त्याने आधीच सांगितलं होतं. मी एकदाच हात वर केला, तोही पदर सावरायला, तरी तो लगेच थांबला. दाढ निघाली तेव्हा मला कळलंही नाही. उठून उभी राहिले आणि रिकाम्या पोटाने चक्कर येऊन त्याच्याच अंगावर पडले. सोयरिकीची सुरुवात म्हणायची.

त्याने मला आडवं केलं, साखरेचं पाणी थेंबथेंब दिलं आणि कापसाची घडी दाढेच्या जागी ठेवून पाऊण तास घट्ट चावून धरायला सांगितलं. घरी आले तरी रक्त थांबेना. घड्या बदलून बदलून थकले. दुपारी चार वाजता तुझे दाजी घाबरून समोरच्या मेडिकलमधून फोन करायला गेले आणि घाबरल्यावर माणूस खरं बोलतो तसं माझं खरं नाव, खरा पत्ता सगळं सांगून बसले. मुलगा दवाखाना सोडून स्कूटरवर आला. आल्या आल्या विचारलं, कुठली गोळी घेता? यांनी माझा गोळ्यांचा डबाच त्याच्या पुढ्यात उपडा केला. त्यात ती रक्त पातळ राहायची रोजची गोळी. त्याने तिथेच टाका घातला, बोटाने दाबून बसला, रक्त थांबलं.

तेवढ्यात यांना राहवेना. ही खरं तर तुम्हाला बघायला आली होती, आमच्या गौरीसाठी, असं म्हणून मोकळे झाले. पुढे म्हणाले, गौरी गुणाची आहे, फक्त तिचा एक... तिथे मी तोंडातल्या घडीसकट अशी किंचाळले की यांचं वाक्य घशातच राहिलं. दात यांच्या जिभेवर आला होता रे.

बघायला आले यावर तो रागावला नाही, हसलाही नाही. गोळीवरून मात्र संतापला. म्हणाला, मावशी, मला नापास करायचं तर खुशाल करा, पण गोळी लपवून तुम्ही स्वतःचा जीव टांगणीला लावलात. पथ्य लिहून दिलं. आज चूळ भरायची नाही, सारखं थुंकायचं नाही, गार आणि मऊ खायचं, नळीने ओढून काही प्यायचं नाही, उद्यापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळू गुळण्या, गोळ्या बंद करायच्या तर त्या देणाऱ्या डॉक्टरला विचारूनच, आणि तंबाखू आठवडाभर बंद. तंबाखू मी कुठे खाते? मी आपली सकाळ-संध्याकाळ मिश्री तेवढी लावते.

मुलगा सोन्यासारखा आहे. आणि त्याच्यापासून तू दात लपवणार? सोनाराच्या दुकानात पितळ घेऊन जाण्यासारखं आहे ते. विचार कर.

माझी माया आहेच, पण अक्कल तुझी तू वापर.

तुझी,
भामाअक्का


उदगीर,
२२ नोव्हेंबर १९९४

ती. सौ. अक्का,
शि. सा. न.

पत्र वाचून गौरीची आई रडली आणि मी हसलो, मग मी काळजीत पडलो आणि ती हसली. गोळी लपवणं तुला शोभलं नाही. पण तू घराण्याची अब्रू राखायला रक्त सांडलंस, हे मी जन्मभर विसरणार नाही.

आनंदाची गोष्ट अशी की तुझ्या पराक्रमानंतरही त्यांचा निरोप आला. येत्या चार डिसेंबरला, रविवारी, मायलेक नामपल्लीहून गाडीने पाहायला येतात. दाताचं मात्र तू बोलू नकोस. मागच्या खेपेला खरं बाहेर आलं तेव्हा त्या लोकांनी चहासुद्धा अर्धा टाकला होता. गौरी त्या दिवशी जेवली नाही. मला ते पुन्हा बघायचं नाही.

मी सगळी तयारी केली आहे. गौरीची खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवणार, म्हणजे उजेड पाहुण्यांच्या डोळ्यावर येईल. चिवडा, शेंगदाण्याची चिक्की, ऊस सगळं बंद. उपमा, शिरा आणि केळी. तिला सांगितलं आहे, विचारतील तेवढंच बोल, हसू आलं तर खाली बघ. तो डॉक्टर असला तरी रविवारी कोणी कामाचं बघत नाही.

तू आलीस तर धीर येईल. लोभ कमी झाला असेल तर तो वाढवून ये.

तुझा,
भगवंत


चिक्कडपल्ली, हैदराबाद,
२७ नोव्हेंबर १९९४

चि. गौरीस,
आत्याचे खूप आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या नावाने टाकते आहे, कारण तुझ्या बापाला लिहिणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. चार तारखेला मी येत नाही. माझा उजवा गाल अजून टम्म आहे. दातांच्या डॉक्टरच्या पाहण्याला त्याचीच पेशंट असं तोंड घेऊन बसली तर त्याच्या धंद्याची काय शोभा राहील?

झालं काय ते सांगते. दुसऱ्या दिवसापासून मी मिश्री लावायला लागले. तिसऱ्या दिवशी अशी कळ उठली की कानापासून डोक्यापर्यंत ठणका. तुझे मामा, म्हणजे आमचे हे, मला रिक्षात घालून दिलसुखनगरला घेऊन गेले. अविनाशने बघितलं आणि विचारलं, तंबाखू? मी छातीवर हात ठेवून नाही म्हटलं. मग त्याने माझ्या बोटाकडे बघितलं. मिश्रीने काळं झालेलं बोट कुठे लपवणार? त्याने समजावलं की दात काढल्यावर खड्ड्यात रक्ताची गाठ धरते, तीच जखमेचं झाकण. तंबाखूने, जोराच्या गुळण्यांनी ते झाकण निघून जातं आणि आतलं हाड उघडं पडतं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे मला साठाव्या वर्षी कळलं. त्याने जखम धुतली, लवंगेच्या तेलाची पट्टी भरली आणि हात जोडून म्हणाला, मावशी, आणखी काय काय लपवलंय ते एकदाच सांगून टाका, दरवेळी मला शोधायला लावू नका.

गौरी, माझ्या ओठावर आलं होतं. तुझा दात तिथेच सांगून टाकणार होते. मग वाटलं, दात तुझा आहे, सांगायचा की नाही हे तू ठरव. मी चार गोष्टी लपवल्या आणि चारही माझ्याच जबड्यातून वसूल झाल्या. तुझा बाप तुझ्यावरच्या मायेने आंधळा झाला आहे, वाईट नाही तो. त्याच्यावर रागावू नकोस, पण त्याचं ऐकूही नकोस.

जे होईल ते मला लगेच कळव. तुझ्या मामांची माया आशीर्वादासह सोबत जोडली आहे.

तुझी,
आत्या


उदगीर,
६ डिसेंबर १९९४

ती. सौ. आत्यास,
गौरीचा सा. न. मामांनाही नमस्कार.

तुझं पत्र मी आण्णांना दाखवलं नाही. लपवाछपवी वाईट हे मला पटलं आहे, पण एवढी एक केली.

रविवारी मायलेक अकराला आले. आण्णांनी खिडकी, खुर्ची सगळं सांगितल्याप्रमाणे केलं होतं. पण ऐन वेळी ढग आले आणि उजेड कुणाच्याच डोळ्यावर येईना. डॉक्टरांच्या आईने हैदराबादहून उस्मानिया बिस्किटांचा पुडा आणला होता. एक मला आग्रहाने दिलं. आण्णांनी ते माझ्या हातातून घेऊन आपल्या चहात बुडवलं, मऊ करून मला परत दिलं आणि आमच्याकडे मुलींना असंच आवडतं म्हणून सांगितलं. माझ्या आईने पदर तोंडाला लावला. मला हसू आवरेना. मी खाली बघितलं, अगदी सांगितल्याप्रमाणे.

मग डॉक्टरांच्या आईने विषय काढला. माणूस साधं आहे. म्हणाल्या, आमच्याकडचं सांगायचं तर अविनाशचे वडील साखरेच्या आजाराने गेले, त्याला पुढे होऊ शकतो, दवाखान्याची खुर्ची कर्जाची आहे आणि मी स्वतः घोरते. तुमच्याकडचं काही असेल तर सांगा. आण्णा झटकन म्हणाले, आमच्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही.

आत्या, तेव्हा मला आण्णांची लाज वाटली नाही, माझीच वाटली. समोरची बाई घोरणंसुद्धा सांगते आणि मी दात घट्ट आवळून बसले आहे. मी पाठ फिरवली, दात काढला, पट्टी आणि तारेसकट, आणि उपम्याच्या बशीत ठेवला. आण्णांनी खांद्यावरचा टॉवेल त्या बशीवर टाकला. आई आत निघून गेली. मी म्हटलं, हा माझा नाही. माझा नववीत गेला. आधीची दोन स्थळं यावरूनच परत गेली, तुम्हालाही जायचं असेल तर उपमा खाऊन जा.

डॉक्टर उठले. मला वाटलं, निघाले. त्यांनी टॉवेल बाजूला करून दात उचलला, उलटासुलटा बघितला, तारेवरून बोट फिरवलं. मग आण्णांकडे बॅटरी मागितली आणि मला विचारलं, बघू का? मी तोंड उघडलं. पाहण्याच्या कार्यक्रमात तोंड उघडून बसलेली मी उदगिरातली पहिलीच मुलगी असेन. ते बराच वेळ बघत होते. मग बॅटरी बंद केली आणि मला एकच विचारलं. दुखतं का?

मी हो म्हटलं. तार हिरडीत रुतते, सणाला चकली-कडबोळं खाल्लं की रक्त येतं, कुणाला सांगत नव्हते. हे बोलताना मी रडायला लागले. तेव्हा आण्णा उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले की दांडा माझ्या हातातून सुटला होता, चूक माझी आहे, पोरीला नका शिक्षा देऊ. नऊ वर्षांत हे ते घरात एकदाही बोलले नव्हते. डॉक्टरांच्या आईने आण्णांना खाली बसवलं, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, मुलगी आम्हाला पसंत आहे, तो दात मात्र नापसंत.

मला विचार करायला दोन दिवस दिले होते. मी संध्याकाळीच होकार कळवला. आईला वाटतं, मी घाई केली. आण्णा विचारतात, एका भेटीत तुला काय कळलं? त्यांना काय सांगू? आजवर जो तो मला एवढंच विचारत आला, की दात कळून येतो का. दुखतं का, हे मला आजवर कोणीच विचारलं नव्हतं.

गालाला जप. तुझी माया मला यापुढे हैदराबादेतच, रोज, समोरासमोर मिळावी, एवढंच मागणं.

तुझी,
गौरी