फोटोखालच्या चार ओळी

बाबा, वर तीर्थरूप लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही, आणि गेल्या आठवड्यात तो पुन्हा उफाळला. अकोल्याहून दादाचा फोन आला होता. तुमच्या पुण्यस्मरणाची जाहिरात तो दरवर्षी पेपरात देतो. या वेळी म्हणाला, "तू लिवते ना, मंग बाबाच्या फोटोखाली चार ओळी लिहून दे. चांगल्या लिवजो."

चांगल्या! मी इथे अमरावतीत ओट्याशी कागद घेऊन बसले आणि डोळ्यांसमोर आपलं अकोल्याचं स्वयंपाकघर आलं. मी सातवीत आहे. 'माझे वडील' या निबंधात खरं तेच लिहिलंय: भाजीत मीठ कमी पडलं की बाबा ताट भिरकावतात आणि आई भिंतीवरचं वरण पुसते. बाईंनी वही थेट तुमच्याकडे पोचवली. तुम्ही जिनिंगमध्ये ग्रेडर. कापसाचा पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, धागा किती लांब ते बघायचं आणि शेतकऱ्याच्या तोंडावर प्रत सांगायची, हे तुमचं काम. त्या दिवशी माझं पान तुम्ही तसंच धरलंत. सावकाश ओढलंत. टर्रकन फाटलं. "तुया लिवन्याचा धागा आखूड हाय," म्हणालात, "टिकत नाई." आणि जेवायला बसलात! आईनं पोळी वाढली, मान वर केली नाही. थोबाडीत दिली असतीत तर मी विसरले असते. पुढं कित्येक वर्षं रजेचा साधा अर्ज लिहितानाही वाटायचं, आता हा कोणीतरी ओढून बघणार. काय मिळालं हो तुम्हाला सातवीतल्या पोरीचं पान फाडून? मोठा पराक्रमच गाजवलात!

आणि एवढं सगळं आठवून मी लिहिलं काय, तर 'प्रेमळ, मायाळू, कुटुंबवत्सल'. दादाला पाठवूनही दिलं. मनाची समजूत घातली, आईसाठी लिहिलं. पंच्याऐंशीची झाली, पेपर तिला वाचून दाखवावा लागतो; नवऱ्याबद्दल दोन बरे शब्द पडू देत कानावर.

आज सकाळी जाहिरात आली आणि तासाभरात आईचा फोन. "काहून वं, हे कोनाचं छापलं? मायाळू कोन होता आपल्या घरात?"

"तुझ्यासाठी लिहिलं, आई."

"मले नोको सांगू. मले वाटलं, तू तरी खरं लिवशीन." तिनं फोन ठेवून दिला. साठ वर्षं तोंड न उघडलेली बाई माझ्यावर चिडली, तीही तुमच्यापायी.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, तेव्हा तुम्हाला सांगायला हरकत नाही. आईशी मी खोटं बोलले. 'मायाळू' हा शब्द तुमच्या फोटोखाली छापलेला मलाच एकदा बघायचा होता. सकाळपासून चार वेळा पेपर उघडून बघितलाय.